घरगुती उपचार आणि रोजची काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं एरवी निरोगी असलेल्या मोठ्या माणसांना धरून लिहिली आहेत. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि रोजची औषधं चालू असलेली माणसं यांच्यासाठी काही वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. ‘चमचा’ म्हणजे सगळीकडे ५ मिलीचा छोटा चमचा, वरून सुरीने सपाट केलेला.

औषध नैसर्गिक असेल तर त्याचा अपाय होत नाही, हे खरं का?

नाही. झाडं रसायनं बनवतात ती बऱ्याचदा स्वतःला कीड आणि जनावरांपासून वाचवायला. ती आपल्या अंगावर काम करतात म्हणूनच औषध होतात, आणि त्याच कारणाने विषही होतात. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने डिजिटालिस या हृदयावर काम करणाऱ्या वनस्पतीच्या पानांचा उपयोग सविस्तर नोंदवला. मळमळ सुरू झाली किंवा नाडी मंदावली की औषध थांबवा, हेही त्याने तेव्हाच लिहून ठेवलं. त्या पानांतल्या द्रव्याचा उपयोगी डोस आणि घातक डोस यांत फार थोडं अंतर आहे.

दुसरा धोका ओळखीचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी नावात साम्य असलेली ॲरिस्टोलोकिया गेली. शंभराहून जास्त स्त्रियांच्या किडन्या खराब झाल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. म्हणून पुडीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग (मूळ, साल की पान) आणि वजन लिहिलेलं नसेल तर ती घेऊ नका.

‘चमचाभर’ म्हणजे नेमकं किती?

घरगुती उपचार फसतात त्यांतले बरेचसे इथेच. बारीक मिठाचा सपाट चमचा सुमारे ६ ग्रॅम भरतो, शिगोशिग घेतला तर ९-१० ग्रॅमवर जातो. जाड मीठ त्याच चमच्यात कमी मावतं. साखर ४ ते ५ ग्रॅम, हळद साधारण ३ ग्रॅम. घरातले ‘चहाचे चमचे’ तर ३ मिलीपासून ७ मिलीपर्यंत कसेही असतात. पातळ औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण किंवा ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्या, त्याने पाणी मोजून आपला चमचा एकदा तपासा आणि तोच चमचा औषधासाठी बाजूला ठेवा.

काढा उकळायचा की नुसता भिजवायचा?

कोणता भाग आहे त्यावर ठरतं. पानं आणि फुलं असतील तर उकळतं पाणी वर ओता, झाकण ठेवा, ५ ते १० मिनिटांनी गाळा. झाकण महत्त्वाचं. पुदिना, गवती चहा, तुळस यांतलं काम करणारं तेल वाफेबरोबर उडून जातं. झाकण उचललं की आतून जे थेंब ओघळतात ते परत कपात पडू द्या. मुळं, साली आणि कठीण बिया मात्र ठेचून मंद आचेवर १५ ते २० मिनिटं उकळाव्या लागतात.

‘पाणी अष्टमांश उरेपर्यंत आटवा’ हा नियम सरसकट सगळ्याला लावू नका. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचा शोध लावताना तू यूयू यांना हाच अडथळा आला होता: उष्णतेने गुण जात होता. त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला तेव्हा औषध हाती लागलं, आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. (म्हणून त्या वनस्पतीचा घरी चहा करून मलेरियावर पिऊ नये. डोस अपुरा पडतो.)

घसा खवखवतोय. गुळण्या कशाच्या?

मीठ-पाण्याच्या. एक पेला (२५० मिली) कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. घोट तोंडात घेऊन मान मागे करा, ‘आ’ असा आवाज काढत १५ ते ३० सेकंद खळखळवा, थुंका. पेला संपेपर्यंत करा. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. पाणी सोसवेल इतकंच कोमट हवं, सुजलेल्या घशाला कढत पाणी आणखी पोळतं. गुळण्यांनी जंतू मरत नाहीत. सूज आणि चिकटा कमी होऊन गिळायला बरं वाटतं, एवढंच. हळद घातली तर चालेल, पण त्याने फार फरक पडेल असं समजू नका.

थुंकीसुद्धा गिळता येत नसेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, आवाज कोंडल्यासारखा येत असेल किंवा श्वास घेताना घरघर होत असेल तर गुळण्या करत बसू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

खोकल्यावर मध खरंच चालतो का?

चालतो, विशेषतः मुलांच्या रात्रीच्या कोरड्या खोकल्यावर. झोपण्याआधी अर्धा तास: १ ते ५ वर्षं अर्धा चमचा, ६ ते ११ वर्षं एक चमचा, त्यापुढे दोन चमचे. नुसता चाटवा किंवा कोमट पाण्यात द्या, मग दात घासून घ्या.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटावर लावून चाटवायलाही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळ मलूल होतं, मान टाकतं, दूध ओढत नाही, शी होत नाही. मध गरम केल्याने हे बीजाणू मरत नाहीत, तेव्हा ‘उकळून देतो’ हा उपाय नाही.

सर्दी ७ ते १० दिवसांत जाते, पण तिच्यामागचा खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. त्यापलीकडे गेला, रक्त पडलं, धाप लागली किंवा वजन उतरलं तर छाती तपासून घ्या.

सर्दीत वाफ घ्यावी का?

मोठ्या माणसाला बरं वाटतं, सर्दीचे दिवस मात्र कमी होत नाहीत. पसरट बुडाचं जड भांडं स्थिर टेबलावर मागे सरकवून ठेवा, आच बंद करून दोन मिनिटं जाऊ द्या, डोळे मिटून हातभर अंतरावरून ५ ते १० मिनिटं घ्या. भांडं मांडीवर किंवा पलंगावर नको. मुलांना मात्र भांड्याची वाफ देऊच नका. वाफेने भाजणारी मुलं थोडी, भांडं उलटून उकळतं पाणी मांडीवर आणि पोटावर सांडलेली फार. मूल चोंदलं असेल तर न्हाणीघरात गरम पाण्याचा फवारा सोडून दार लावा आणि त्याला घेऊन दहा मिनिटं आतच, फवाऱ्यापासून लांब कोरड्या बाजूला बसा.

कापूर आणि निलगिरीचं तेल लहान मुलांच्या आसपासही नको. पोटात गेलेला ग्रॅमभर कापूर लहान मुलाचा जीव घेऊ शकतो, झटके तर त्याहून कमीतही येतात.

नाक धुताना झोंबतं. काय चुकतंय?

बहुतेक वेळा मीठ कमी पडतं. साधं पाणी नाकाच्या अस्तरात शिरून पेशी फुगवतं, म्हणून पोहताना नाकात पाणी गेल्यावर होते तशी कळ येते. मिठाचं प्रमाण अंगातल्या द्रवाइतकं, म्हणजे ०.९ टक्के, ठेवलं की झोंबत नाही. त्यासाठी २४० मिली पाण्यात साधारण २ ग्रॅम मीठ: सपाट चमच्याचा तिसरा हिस्सा. आयोडीन नसलेलं मीठ घ्या. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर आणखी सुसह्य होतं. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकल्यावर ना गार ना गरम वाटावं.

पाणी कोणतं, हा यातला खरा मुद्दा. नळाचं पाणी थेट नाकात घालू नका, फिल्टरचंही नाही. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, नाकावाटे गेला तर मेंदूपर्यंत पोचतो आणि त्यातून वाचणारे विरळा. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट (२,००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटं) तसंच उकळू द्या, झाकून गार करा आणि दिवसाभरात वापरा. किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या.

कृती: बेसिनवर वाकून उभे राहा, डोकं एका बाजूला वळवा, कपाळ आणि हनुवटी साधारण एका रेषेत. तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या. भांड्याची (किंवा नाक धुण्याच्या बाटलीची) तोटी वरच्या नाकपुडीला टेकवा, पाणी खालच्या नाकपुडीतून येतं. घशात उतरत असेल तर हनुवटी वर गेलेली असते, कानात दडा बसत असेल तर तुम्ही मध्येच गिळलंत किंवा बाटली जोरात दाबलीत. झाल्यावर पुढे वाकून डोकं दोन्ही बाजूंना हलवा, मग एकेक नाकपुडी हलकेच शिंकरा. भांडं धुऊन उपडं वाळवा. नाक पूर्ण बंद असेल, कान दुखत असेल किंवा नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर करू नका.

जुलाब होताहेत. घरी काय द्यायचं?

ओआरएसचं पाकीट सगळ्यात चांगलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२च्या सूत्रात लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. पाकीट मिळेपर्यंत घरी: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ.

साखर चवीसाठी नाही. आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारातून जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे खेचलं जातं. जुलाबातही हे दार चालू असतं, त्यावरच सगळा उपचार उभा आहे. साखर जास्त झाली तर ती आतड्यातच राहून उलट पाणी बाहेर ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर मुलाच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या वर जातं. तयार पाणी चाखून पाहा: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून नवीन करा.

पाकिटाबाबतीतली नेहमीची चूक अशी, की लिटरचं पाकीट अर्धं-अर्धं पेल्यात अंदाजाने ढवळतात. पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्ये, एकदम. २४ तासांनी उरलेलं ओता.

दर पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्याला १०० ते २०० मिली, मोठ्यांना मागतील तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. पेलाभर एकदम दिलं की उलटतंच, आणि ‘पोटात काही ठरत नाही’ म्हणून बंद केलं जातं. अंगावरचं दूध चालूच ठेवा, जेवणही. मुलांना १० ते १४ दिवस झिंक देतात: सहा महिन्यांखाली रोज १० मिग्रॅ, त्यावर २० मिग्रॅ. शीमध्ये रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, रडताना पाणी नाही, मूल गुंगीत: यांतलं एकही दिसलं तर घरी थांबू नका.

ताप आला की अंग थंड पाण्याने पुसावं का?

नको. कातडी गार झाली की रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते आणि आतला ताप वाढतो. पातळ कपडे, भरपूर पाणी, विश्रांती. बेचैनी असेल तर पॅरासिटामॉल: मोठ्यांना ५०० ते १,००० मिग्रॅ, चार ते सहा तासांच्या अंतराने, २४ तासांत ४ ग्रॅमच्या आत. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते या हिशेबात धरा. मुलांना वजनाप्रमाणे. सोळा वर्षांखाली ॲस्पिरिन नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप म्हणजे तातडीची वेळ, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

पोट साफ होत नाही. इसबगोल घेऊनही फुगतंच. का?

पाणी कमी किंवा सुरुवातच जास्त मापाने. इसबगोलाची भुशी हलकी असते, ५ ग्रॅम भरायला दोन-तीन चमचे लागतात. पहिले चार-पाच दिवस एकच चमचा घ्या, मग वाढवा. २४० मिली पाण्यात टाकून ढवळा आणि लगेच प्या. दोन मिनिटं ठेवलंत तर पेल्यात घट्ट लगदा होतो. वर आणखी अर्धा पेला पाणी. कोरडी भुशी तोंडात टाकून वरून घोट घेणं धोक्याचं, ती अन्ननलिकेतच फुगून अडकते. झोपताना आडवं होण्याआधी लगेच घेऊ नका. गुण यायला १२ ते ७२ तास लागतात. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

सोनामुखीचं वेगळं आहे. ती आतड्याला चिमटा काढून ६ ते १२ तासांत काम करते, म्हणून अधूनमधून रात्री घेण्यापुरती. ‘हर्बल’ चहा म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्रणांत हीच असते, घटक वाचा. आठवडाभर रोज लागायला लागली तर कारण शोधायला हवं. पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, काळी शी किंवा रक्त, यांवर घरगुती उपचार नाही.

आम्लपित्तावर सोडा घेतला तर?

कधीतरी, अर्धा चमचा अर्ध्या पेल्यात पूर्ण विरघळवून. अर्ध्या चमच्यात सुमारे ६०० मिग्रॅ सोडियम जातं, दिवसभराच्या शिफारशीच्या मर्यादेचा (२,००० मिग्रॅ) जवळजवळ तिसरा हिस्सा. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर नाहीच. तुडुंब जेवणावर तर कुणीच घेऊ नये, एकदम गॅस सुटून पोट ताणलं जातं.

रात्री जळजळ होणाऱ्यांना त्याहून उपयोगी: झोप आणि जेवण यांत तीन तास, डाव्या कुशीवर झोपणं आणि पलंगाचे डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंटिमीटर उंच करणं. उशा रचून चालत नाही. त्याने माणूस कमरेत वाकतो, पोट दाबलं जातं आणि आम्ल आणखी वर येतं. पुदिन्याचं तेल आतड्याच्या मुरड्याला बरं, पण अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायू सैल करतं म्हणून जळजळ वाढवतं. छातीतली कळ हातात, जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नका.

मळमळीवर आलं किती?

दिवसाला सुंठ १ ग्रॅम, चार भागांत. गरोदरपणातल्या मळमळीवर बहुतेक याच मापाने तपासलेलं आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा.

हळदीच्या गोळ्या घ्याव्यात का?

हळदीत कुरक्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे चमच्यात ९० मिग्रॅच्या आसपास. सांधेदुखीवरच्या अभ्यासांत रोज ५०० ते १,५०० मिग्रॅ वापरतात. शिवाय ते रक्तात फारच थोडं उतरतं. १९९८च्या एका अभ्यासात मिऱ्यातल्या पायपरिनच्या २० मिग्रॅने हे शोषण सुमारे २० पट वाढलं, तेव्हापासून गोळ्यांत मिरी घालायची पद्धत पडली. पण शोषण वाढवणारी हीच जोडी घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. आमचं मत: जेवणात हळद खुशाल वापरा, जास्त मात्रेची गोळी महिनोन् महिने स्वतःच्या मनाने घेऊ नका. लघवी गडद, डोळे पिवळे, भूक गेलेली दिसली तर गोळी बंद करून यकृताची तपासणी करा. गुळवेल आणि अश्वगंधा यांनाही हेच लागू आहे.

भाजल्यावर पहिलं काय?

वाहतं गार पाणी, पूर्ण २० मिनिटं. घड्याळ लावा, बहुतेक जण तीन मिनिटांत थांबतात. भाजून तीन तास होईपर्यंतही हे फायद्याचं असतं. पाणी सुरू करताच अंगठी, बांगडी, घड्याळ काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. चिकटलेलं कापड ओढू नका. बर्फ नको, तो आधीच दुखावलेल्या कातडीचं रक्त तोडतो. टूथपेस्ट, लोणी, हळद, शाई यांतलं काही नको. उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरांना तेच आधी खरवडून काढावं लागतं, त्याशिवाय जखम किती खोल हे दिसत नाही. वरून स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकची पातळ फिल्म सैलसर टाका. फोड फोडू नका. स्वतःच्या तळहाताहून मोठं, चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांग, विजेचं किंवा रसायनाचं भाजणं असेल तर दवाखाना.

कोरफड आणि लिंबू चेहऱ्याला थेट लावलं तर चालेल?

कोरफड हो, लिंबू नाही. पान बुंध्याशी कापून दहा-पंधरा मिनिटं पेल्यात उभं ठेवा. कापाच्या कडेने पिवळा, कडू चीक गळतो. तो गळून जाऊ द्या आणि पान धुऊन मधला पारदर्शक गर तेवढाच घ्या. चीक राहिला की खाज सुटते, पोटात गेला तर जोराचा जुलाब होतो. आधी कोपराच्या आत लावून २४ तास पाहा.

लिंबाच्या रसात असलेली फ्युरोकुमारिनं उन्हात कातडी भाजतात: फोड येतात आणि मग महिनोन् महिने न जाणारे काळे डाग राहतात. डाग घालवायला लावलेल्या लिंबाने डाग पडतात, हे इतक्यांदा होतं तरी सल्ला काही थांबत नाही.

सुगंधी तेलं किती पातळ करायची?

अंगाला लावायला २ टक्के: ३० मिली साध्या तेलात १२ थेंब. चेहऱ्याला १ टक्का. निव्वळ तेल कातडीवर नाही, पोटात तर नाहीच. टी ट्री तेल उघडं राहून जुनं झालं की ॲलर्जी होण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून काळसर छोट्या बाटलीत घ्या.

दात, कान, डोळे?

दात: कापसाच्या बोळ्याला लवंग तेलाचा एक थेंब खाद्यतेलाच्या थेंबात मिसळून दुखऱ्या जागी टेकवा. युजेनॉलने बधिरता येते, कीड जात नाही. दात दाखवेपर्यंतची सोय आहे ती. मुलांना नको.

कान: मळ घट्ट असेल तर कोमट ऑलिव्ह तेलाचे दोन-तीन थेंब, दिवसातून दोनदा, पाच दिवस. पडद्याला भोक, पू किंवा ठणका असेल तर एक थेंबही नाही. लसणाचं तेल, कानात लावायची मेणबत्ती, कापसाच्या काड्या वगळा. काडी मळ आतच ढकलते.

डोळे: रांजणवाडीवर ऊन पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा १० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. डोळ्यात मध, दूध, कुठलाही रस घालू नका.

झोप लागत नाही. कोणतं मूळ, कोणतं तेल?

बहुतेकांना यातलं काहीच लागत नाही. सर्वांत परिणामकारक उपाय कंटाळवाणा आहे: उठायची वेळ ठरवा आणि रात्र कशीही गेली तरी सुट्टीच्या दिवशीही त्याच वेळी उठा. झोपायची वेळ आपोआप जागेवर येते. अंथरुणात २० मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं (घड्याळ पाहू नका) तर उठून मंद उजेडात काहीतरी शांत करा, डोळे जड झाल्यावरच परत जा. जागं पडून राहिलं की मेंदू अंथरुण आणि जागरण यांची गाठ बांधतो, ती सोडवायचा हा मार्ग. पहिला आठवडा दिवसा पेंगायला होतं आणि तिथेच लोक सोडून देतात. दोन-तीन आठवडे टिकवा.

कॅफिनचं अंगातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. चारच्या कॉफीतलं निम्मं रात्री नऊला रक्तात असतं. दुपारची डुलकी तीनच्या आत, २० ते ३० मिनिटं. दारूने झोप लागते लवकर, पण उत्तररात्री तुटते. श्वासाचा एक प्रकार उपयोगी: चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, दहा मिनिटं. मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा बसल्या बसल्या झोप येत असेल तर आधी झोपेतल्या श्वासाची तपासणी.

कंबर धरली आहे. झोपून राहू?

एखाद्या दिवसापलीकडे नको. झोपून राहिल्याने आखडतं. गरम शेक १५-२० मिनिटं, मग सोसेल तितकं चाला. लघवीवरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातलं बळ गेलं तर त्याच दिवशी दवाखाना.

रोजच्या गोळ्यांबरोबर जडीबुटी चालते का?

काही अजिबात चालत नाहीत. सेंट जॉन्स वर्ट (नैराश्यावर घेतली जाणारी एक वनस्पती) यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालवतं. त्याने गर्भनिरोधक गोळ्या, एचआयव्हीची औषधं, प्रत्यारोपणानंतरची औषधं निकामी होऊ शकतात. परिणाम बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे राहतो. नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर सेरोटोनिन धोक्याइतकं वाढतं. ग्रेपफ्रूट (पपनसासारखं फळ) नेमकं उलट करतं, औषध मोडूच देत नाही. १९८९ साली फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीच्या बाबतीत हे लक्षात आलं. काही स्टॅटिन गोळ्यांनाही लागू. दोन-चार तास अंतर ठेवून भागत नाही, परिणाम दिवसाहून जास्त टिकतो.

ज्येष्ठमध रोज घेतल्यास रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबरोबर दुहेरी. कारलं-मेथीचे अर्क मधुमेहाच्या औषधांबरोबर साखर फार खाली नेऊ शकतात. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गिंको आणि लसणाच्या गोळ्या टाळा. पालेभाज्या बंद करू नका, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवा. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तास. अश्वगंधा थायरॉइडच्या आणि झोपेच्या औषधांत ढवळाढवळ करते, गरोदरपणात घेऊ नये. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी सगळं बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना नावं सांगा.

पुडीवर नाव नसलेली पावडर दोन दिवसांत वर्षानुवर्षांची सांधेदुखी घालवत असेल तर आनंद मानू नका. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता आहे. महिनोन् महिने घेतली असेल तर एकाएकी बंदही करू नका, अंगाचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर थांबलेलं असतं. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. धातूंची भस्मं तपासणीचा दाखला असल्याशिवाय नकोत, काहींत शिसं आणि पारा सापडलेला आहे.

प्रतिकारशक्ती वाढवायला काय घ्यावं?

झोप, लसी, व्यायाम, तंबाखू बंद. बाटलीतून येणारं काही यांच्या जवळपास नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर तपासून घ्या. न तपासता मोठ्यांनी रोज ४,००० युनिटच्या वर जाऊ नये, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं.

वाळवलेल्या वनस्पती किती दिवस टिकतात?

पानं आणि फुलं वर्षभर, पूड सहा महिने, मुळं-साली दोन वर्षांपर्यंत. घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात, शेगडीपासून लांब. केलेला काढा फ्रीजमध्ये एक दिवस. बोटांत चोळून वास आला नाही तर गुण गेलेला, गुठळी किंवा बुरशीचा वास आला तर सगळी बरणी टाकून द्या, वरचा भाग काढून खालचं वापरू नका. बरणीवर नाव आणि भरल्याची तारीख आजच लिहा. सहा महिन्यांनी दोन हिरव्या पुडी सारख्याच दिसतात.